डाउटफुल साउंड, आजोबा आणि माझी एटीकेटी

आधी एक कबुली. मी पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी माझी मातृभाषा असली तरी शाळेत ती थर्ड लँग्वेज होती, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल मराठी विभागाच्या संपादकांची आणि वाचकांची आत्ताच माफी मागते. लिहिणार नव्हतेच. पण जानेवारीत हॉस्टेलवर परत आल्यावर पंधरा दिवस मी मेसमध्ये सगळ्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा रूममेट म्हणाली, "एकदाच लिहून काढ आणि आम्हाला सोड." म्हणून हा लेख.

विषय आहे फियॉर्डमधून बोटीने केलेला एका रात्रीचा प्रवास. फियॉर्ड म्हटलं की आपल्याला नॉर्वे आठवतं, पण मी गेले ते न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाजवळच्या डाउटफुल साउंडला. माझी मावशी इन्व्हरकार्गिल नावाच्या गावात नर्स आहे. तिने आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, बोलावलं होतं. आजोबा सत्याहत्तर वर्षांचे, माळकरी, आणि विमानात कधी न बसलेले. त्यांच्यासोबत कुणीतरी हवं होतं, आणि डिसेंबरच्या सुट्टीत घरात रिकामी अशी मीच होते. (रिकामी म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये एटीकेटी लागलेली. बाबांच्या मते मी घरी बसून अभ्यास करायला हवा होता. पुस्तक बरोबर नेईन या बोलीवर परवानगी मिळाली.)

मुंबई, सिंगापूर, क्राइस्टचर्च आणि तिथून छोट्या विमानाने इन्व्हरकार्गिल. वाटेतलं फार सांगत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की न्यूझीलंडमध्ये उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून द्यावी लागते. लपवली तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड. आम्ही सगळं लिहिलं होतं. पापड आणि मेतकूट सुटलं, महाबळेश्वरच्या मधाची बाटली मात्र टाकून द्यावी लागली, कारण त्यांच्या मधमाश्यांना बाहेरचे रोग होऊ नयेत म्हणून मध आणायला बंदीच आहे. आजोबांना ते पटलं. "त्यांच्या माश्या, त्यांनी जपायच्या," एवढंच म्हणाले.

आता नावाबद्दल. कॅप्टन जेम्स कुक १७७० साली या किनाऱ्याने जात होता. डोंगरांच्या मध्ये शिरणारी ही चिंचोळी वाट त्याला दिसली, पण आत शिडाचं जहाज नेलं आणि उलट वारा मिळाला नाही तर बाहेर कसं पडायचं, अशी शंका त्याला आली. तो आत गेलाच नाही, आणि नाव देऊन गेला 'डाउटफुल हार्बर', शंकेचं बंदर. पुढे १७९३ मध्ये मालास्पिनाच्या स्पॅनिश मोहिमेतली माणसं छोट्या बोटीने आत शिरली आणि नकाशा काढून गेली, म्हणून आजही तिथे मालास्पिना रीच, बाउझा आयलंड अशी स्पॅनिश नावं आढळतात. त्याआधी कितीतरी पिढ्या माओरी लोक तिथे येत होते. त्यांचं नाव 'पाटेआ', आणि आता दोन्ही नावं जोडीने लिहितात.

'साउंड' हे नाव मात्र शास्त्रीयदृष्ट्या चुकलेलं आहे. साउंड म्हणजे नदीचं खोरं समुद्राने बुडवून झालेली खाडी. आपल्या कोकणातल्या खाड्या या जातीच्या जास्त जवळच्या. फियॉर्ड नदी करत नाही, हिमनदी करते. नदी तळ कापत जाते आणि 'व्ही' आकाराची दरी होते. हिमनदी म्हणजे शेकडो मीटर जाडीचा, पोटात दगडगोटे घेतलेला बर्फाचा गठ्ठा, तो तळाबरोबर बाजूही खरवडत जातो आणि दरी 'यू' आकाराची होते. हिमयुग संपलं, बर्फ मागे हटला, समुद्राची पातळी वाढली आणि पाणी आत शिरलं. म्हणून फियॉर्डच्या भिंती पाण्यातून थेट उभ्या उठतात आणि पाण्याखालीही तशाच उतरत जातात. डाउटफुल साउंडची जास्तीत जास्त खोली ४२१ मीटर आहे. कोयना धरणाची उंची १०३ मीटर. तशी चार धरणं एकावर एक ठेवली तरी वरचं टोक पाण्याखालीच राहील.

गंमत म्हणजे तोंडाशी, जिथे फियॉर्ड समुद्राला मिळतो, तिथे तळ बराच वर असतो. समुद्राजवळ पोचेपर्यंत हिमनदी पातळ होते, तिचा जोर कमी होतो, आणि सोबत आणलेला राडारोडाही ती तिथेच टाकते. इंग्रजीत याला 'सिल' म्हणतात. मराठीत 'उंबरठा' हा शब्द मला चपखल वाटतो. या उंबरठ्यामुळे आतलं खोल पाणी बाहेरच्या समुद्रात सहजासहजी मिसळत नाही.

तिथे पोचायला तीन वाहनं लागतात. मावशीच्या घरून गाडीने दोन तासांत मानापौरी गाव. तिथून एका मोठ्या बोटीने मानापौरी तलाव ओलांडायचा, सुमारे तासाभराचा प्रवास. पलीकडे वेस्ट आर्मला उतरलं की बसने विल्मॉट पास चढायचा, उंची ६७१ मीटर, आणि पलीकडच्या उतारावरून खाली डीप कोव्हला. तिथे रात्रीची बोट उभी असते. हा बावीस किलोमीटरचा रस्ता न्यूझीलंडच्या बाकी कुठल्याही रस्त्याला जोडलेला नाही. तलावापासून सुरू होतो आणि समुद्रात संपतो.

मग असा रस्ता केला कशाला? इथे माझ्यातली सिव्हिलची विद्यार्थिनी जागी झाली. वेस्ट आर्मच्या पोटात, तलावाच्या पातळीच्या सुमारे २०० मीटर खाली, ग्रॅनाइट फोडून केलेलं वीजगृह आहे. सात उभ्या फ्रान्सिस टर्बाइन. त्या वीजगृहाची अवजड यंत्रं जहाजाने डीप कोव्हला आणून डोंगरावरून पलीकडे न्यायची होती, म्हणून १९६३ ते १९६५ मध्ये हा रस्ता केला. आम्हाला आत जायला मिळालं नाही. वरून फक्त पाणी आत घेणाऱ्या जाळ्या आणि तारांचे मनोरे दिसतात.

कल्पना सोपी आहे. तलावाचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १७८ मीटर उंचीवर. डोंगराच्या पलीकडे, दहा किलोमीटरवर, समुद्र. तलावाचं नैसर्गिक पाणी वायाऊ नदीने दक्षिणेला लांबचा रस्ता धरून जायचं. त्याऐवजी ते उभ्या पाइपांतून खाली सोडायचं, टर्बाइन फिरवायची, आणि दहा किलोमीटरच्या बोगद्याने डोंगराखालून पश्चिमेला डीप कोव्हमध्ये काढून द्यायचं.

हे मी आजोबांना बसमध्ये समजावून सांगत होते. ते म्हणाले, "म्हंजे आपल्या कोयनेवानीच की!"

मला एकदम कसंतरी झालं, कारण हे मला सुचायला हवं होतं. कोयना नदी पूर्वेला कृष्णेकडे जाणारी. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात उतरवलं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज केली आणि पाणी वाशिष्ठीत सोडून दिलं. अगदी तीच युक्ती. आमच्या कॉलेजची सेकंड इयरची ट्रिप कोयनेलाच गेली होती, रिपोर्टही मी लिहिला होता (म्हणजे उतरवला होता). आणखी एक धागा सांगते. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून सुरुंग लावून पाणी बोगद्यात घेतलं, ते 'लेक टॅपिंग'. ते तंत्र नॉर्वेतलं, फियॉर्डच्या देशातलं.

आजोबांना कोयना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण त्यांचं गाव तिच्या पाण्याखाली आहे. जावळीतलं. आम्ही नातवंडं हे ऐकून होतो, जसं आपण घरातल्या कुणाच्या जुन्या ऑपरेशनबद्दल ऐकून असतो. कुणी कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बोट दुपारी सुटली. साठ-सत्तर प्रवासी, खाली झोपायच्या छोट्या केबिन, मधे जेवणाचा हॉल, वर उघडा डेक. पाऊस धो धो पडत होता. मावशी खट्टू झाली, पण बोटीवरचा गाइड म्हणाला की तुम्ही नशीबवान आहात. इथे वर्षातले सुमारे दोनशे दिवस पाऊस पडतो, आणि फियॉर्ड बघावा तर पावसात. ते खरं निघालं. एरवी कोरडे असणारे काळे कडे पांढऱ्या रेघांनी भरून गेले होते, एकेका कड्यावर दहा-बारा धबधबे. आषाढात आंबोली घाट पाहिलाय ना? तसंच, पण खाली रस्त्याऐवजी समुद्र.

कड्यांवर माती जवळजवळ नाहीच. उघड्या खडकावर आधी शेवाळ धरतं, मग नेचे, मग झाडं, आणि त्यांची मुळं एकमेकांत गुंतून सगळं जंगल एकमेकांच्या आधाराने लटकलेलं असतं. फार पाऊस झाला आणि वरचं एक झाड सुटलं की ते खालच्या सगळ्यांना घेऊन जातं. याला तिथे झाडांची हिमलाट म्हणावी तसं नाव आहे, 'ट्री अ‍ॅव्हलांच'. कड्यावर मधेच एखादा लांब उघडा पट्टा दिसतो, तो तोच. तिथे पुन्हा शेवाळापासून सुरुवात.

डीप कोव्हमधून निघताना गाइडने एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. डोंगरातून एक रुंद प्रवाह गपचूप समुद्रात येत होता. तेच ते वीजगृहातून आलेलं पाणी, जोर असेल तेव्हा सेकंदाला ५०० घनमीटरच्या आसपास. आणि याच कोव्हमध्ये १९६३ ते १९७० पर्यंत 'वांगानेला' नावाचं जुनं प्रवासी जहाज नांगरून ठेवलं होतं, बोगद्यावरच्या कामगारांचं हॉस्टेल म्हणून! हॉस्टेलवासियांनो, विचार करा. बाहेर सतत पाऊस, जायला गाव नाही, मेस तीच, रूममेट तेच, आणि सुट्टीला घरी जायचं तर आधी डोंगर ओलांडा. या प्रकल्पात सोळा कामगारांचा जीव गेला.

आता माझ्या एटीकेटीचा भाग. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण मला ते लिहायलाच हवेत.

वीजगृह सुरू झालं १९६९ मध्ये, आणि लवकरच लक्षात आलं की ठरवल्याप्रमाणे ७०० मेगावॉट मिळत नाहीत, फार तर ५८५. टर्बाइन चांगल्या, तलाव भरलेला. चूक होती शेवटच्या बोगद्यात. त्याच्या भिंतींचं घर्षण हिशोबात धरलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं. मला वाटायचं, वीज करून झाल्यावर पाणी कसंही जाईना, आपल्याला काय? पण पाणी दहा किलोमीटर ढकलायलाही हेड लागतं. ते टर्बाइनच्या खालच्या बाजूला पाणी तुंबून मिळतं, म्हणजे तिथली पातळी वर चढते. वरची पातळी तीच, खालची चढलेली, मधलं अंतर कमी, म्हणून वीज कमी. मोरीचा पाइप अरुंद असला की बादलीभर पाणी ओतल्यावर मोरीत पाणी चढतं, तोच प्रकार.

उपाय काय केला? शेजारून दुसरा बोगदा काढला. १९९७ ते २००२ मध्ये, दहा मीटर व्यासाच्या टनेल बोअरिंग मशीनने. आता पाणी दोन वाटांनी जातं. डार्सी-वाइसबाखचं सूत्र आठवा: हेड लॉस वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही बोगदे सारखे धरले तर तेवढ्याच पाण्यासाठी प्रत्येकातला वेग निम्मा, आणि लॉस निम्मा नाही तर पाव! म्हणून त्याच तलावातून आता ८०० मेगावॉटच्या घरात वीज मिळू शकते. समांतर पाइपांचं हेच गणित पेपरात दहा मार्कांना होतं. मी लॉसची बेरीज करून आले होते. मला ३४ मार्क पडले. डेकवर, तोंडावर पाऊस घेत, मला त्या दहा मार्कांचं उत्तर कळलं, आणि सूत्र पाठ असणं आणि समजणं यात किती अंतर असतं ते जाणवून लाज वाटली.

संध्याकाळी बोट एका आडवळणाच्या खाडीत नांगरली. संध्याकाळ म्हणजे घड्याळात. तिथे डिसेंबरात उन्हाळा असतो आणि साडेनऊपर्यंत उजेड. बोटीवरून छोट्या होड्या आणि कयाक खाली सोडतात. मी कयाकमध्ये बसले. पाऊस थांबला होता. पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं. जंगलातल्या पानांतलं टॅनिन पावसाबरोबर वाहून येतं, त्याचा हा रंग. परत आल्यावर काही परदेशी पोरं बोटीच्या मागच्या फळीवरून पाण्यात उड्या मारत होती, मीही मारली. थंडी अशी की श्वासच अडकला, आणि तोंडात पाणी गेलं.

वर आले तर आजोबा टॉवेल धरून उभे. म्हणाले, "खारं लागलं असंल!"

खारं नव्हतं. जवळजवळ गोडं होतं.

त्यांचा विश्वास बसेना. समुद्र आहे म्हणता आणि गोडं म्हणता? मावशीने खलाश्याकडून बादली मागून घेतली. आजोबांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

याचं कारण असं. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १०२५ किलो, गोड्या पाण्याची १०००. म्हणून पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. उघड्या समुद्रात लाटा ते लगेच ढवळून टाकतात, पण फियॉर्डमध्ये दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे ढवळायला कुणी नाही. त्यामुळे वर काही मीटर गोडं पाणी आणि खाली समुद्र, असे दोन थर राहतात. वरचा थर चहाच्या रंगाचा असल्यामुळे उजेड खाली फार जात नाही. परिणाम असा की इतरत्र खूप खोलात सापडणारे जीव इथे अगदी वर राहतात. काळं प्रवाळ इथे दहा-एक मीटरवरही दिसतं. (नाव काळं, पण जिवंतपणी ते पांढरं असतं, काळा असतो तो आतला सांगाडा.) आणि बोगद्यातून येणाऱ्या पाण्यामुळे आतल्या भागातला हा गोडा थर आणखी वाढलाय, वरच्या बाजूला राहणाऱ्या खाऱ्या पाण्यातल्या जिवांना त्याचा फटका बसलाय, असं शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवलंय. वीज स्वच्छ असली तरी फुकट नसते.

रात्रीच्या जेवणात आजोबांसाठी वेगळं शाकाहारी ताट होतं (बुकिंग करतानाच सांगावं लागतं), पण त्यांनी मावशीने केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीच खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या एका आजींना एक दशमी दिलीही. नंतर आम्ही डेकवर बसलो. ढग थोडे फाटले होते. मृग नक्षत्र दिसलं, आणि ते उलटं होतं! दक्षिण गोलार्धात आपण 'डोकं खाली' करून बघतो, म्हणून. आजोबांनी ते माझ्याआधी ओळखलं.

मग त्यांनी विचारलं, "तलाव केला तवा हितं गावं किती गेली?"

मी सांगितलं की तलाव केलेला नाही, तो आधीपासूनच होता. धरण बांधून त्याची पातळी वाढवायची योजना मात्र होती. सुरुवातीला तर तीस मीटरपर्यंत. वीज हवी होती ती ब्लफजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यासाठी, आणि आजही या वीजगृहाची बहुतेक वीज तिथेच जाते. पण पातळी वाढली असती तर तलावातली बेटं, वाळूचे किनारे, काठचं जंगल पाण्याखाली गेलं असतं. लोकांनी विरोध केला. १९७० मध्ये २,६४,९०७ सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे गेला, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येचा जवळजवळ दहावा हिस्सा. १९७२ च्या निवडणुकीत हा मोठा मुद्दा झाला, सरकार बदललं, आणि नवीन पंतप्रधान नॉर्मन कर्क यांच्या सरकारने पातळी न वाढवण्याचं वचन पाळलं. १९७३ मध्ये तलावांच्या पातळीवर लक्ष ठेवायला नागरिकांची एक रखवालदार समितीच नेमली. म्हणून तलावाची पातळी आजही साधारण नैसर्गिक मर्यादेतच वर-खाली होते.

"तरीच," आजोबा म्हणाले. "येताना मी बघत हुतो. झाडं पार पान्याला पाय लावून हुभी हाईत. आपल्याकडं तांबडा पट्टा असतोय."

तांबडा पट्टा म्हणजे जलाशय उतरला की काठाने उघडी पडणारी, काहीही न उगवणारी लाल माती. आमच्या पुस्तकात 'ड्रॉडाउन' हा शब्द आहे, व्याख्या पाठ आहे. तासभराच्या बोटप्रवासात मी तलावाचे सत्तर फोटो काढले होते आणि झाडं कुठून सुरू होतात हे मला दिसलं नव्हतं.

"दोन लाख सह्या?" त्यांनी पुन्हा विचारलं. "आमच्या गावात सही करता येनारी मानसं मोजाया एका हाताची बोटं पुरली असती."

त्यानंतर ते अर्धा तास बोलत होते. पाणी चढलं तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी घराची कौलं उतरवली, वासे काढले, दाराची चौकट उखडून गाडीत घातली. नदीकाठी देऊळ होतं, त्याला पायऱ्या होत्या. पाणी रात्रीत वाढायचं. सकाळी पोरं पळत जाऊन पायऱ्या मोजायची, काल सात होत्या, आज सहा. पोरांना ती मजा वाटायची. शेवटच्या पायरीच्या दिवशी त्यांच्या आजीने तिथे ओटी भरली आणि मग सगळे निघाले. नवीन जागी जमीन मिळाली ती लांब, कोरड्या मुलखात, आणि पहिली दोन वर्षं चौकट तशीच भिंतीला टेकवून ठेवलेली होती, कारण घर व्हायचं होतं. मावशी त्यांची सख्खी मुलगी, पण ओटीचं तिलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "अण्णा, हे कधी बोलला नाहीत." ते म्हणाले, "इचारलं कुनी?"

मला दोन्ही बाजू दिसतात. कोयनेची वीज नसती तर महाराष्ट्रात कितीतरी कारखाने उभे राहिले नसते, आणि आपल्या हॉस्टेलचे दिवेही त्याच ग्रिडवर आहेत. इकडे मानापौरीला बुडणार होतं ते मुख्यतः रान होतं, आणि तिकडच्या लोकांकडे वेळ, शिक्षण, वर्तमानपत्रं सगळं होतं. तुलना सरळ होत नाही. पण ट्रिपच्या रिपोर्टमध्ये मी 'विस्थापन' हा शब्द एका ओळीत संपवला होता, एवढं मात्र खरं.

पहाटे नांगर उचलून बोट बाहेर तोंडापर्यंत गेली. तिथे टास्मान समुद्राच्या लाटा लागतात, ज्यांना बोट लागते त्यांनी आधीच गोळी घ्यावी. खडकांवर फर सील पडलेले असतात. परत येताना बॉटलनोज डॉल्फिन दिसले. इथे त्यांचा साठ-सत्तरचा एक कायमचा कळप राहतो, जगातल्या सगळ्यात दक्षिणेकडच्यांपैकी. त्यांच्या मागे बोट न्यायची नाही असा नियम आहे. ते आले तर आले.

सगळ्यात शेवटी कॅप्टनने बोट हॉल आर्म नावाच्या फाट्यात नेली, आणि सांगितलं की आता मी इंजिन आणि जनरेटर दोन्ही बंद करणार आहे. कुणी चालू नका, बोलू नका, कॅमेऱ्याचा आवाजही नको. सत्तर माणसं जागच्या जागी उभी राहिली. आधी लांबचा धबधबा ऐकू आला. मग एक पक्षी. मग पाणी ठिबकल्याचा आवाज, बहुतेक आमच्याच छपरावरून. पाच-सात मिनिटं असतील. आजोबा माळ हातात घेऊन, डोळे उघडे ठेवून उभे होते. इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा काही लोक डोळे पुसत होते, मावशीसुद्धा.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: चांगला रेनकोट न्या, छत्रीचा उपयोग नाही. बोटीवर मोबाइलला रेंज नसते, घरी आधी सांगून ठेवा. आणि तिथली 'सँडफ्लाय' नावाची चिलटं डासांपेक्षा वाईट चावतात, अंगाला लावायचं औषध विसरू नका. माओरी कथेत तू-ते-राकी-फानोआ या देवाने आपल्या वाकसाने हे फियॉर्ड कोरले. ते इतके सुंदर झाले की माणसं इथेच राहून जातील अशी भीती मृत्युदेवी हिने-नुई-ते-पो हिला वाटली, म्हणून तिने ही चिलटं सोडली. माझ्या पायावरचे डाग परत आल्यावर तीन आठवडे होते.

एटीकेटीचा पेपर मेमध्ये आहे. त्याच महिन्यात कोयनेचं पाणी खाली गेलं की बामणोलीहून लाँचने आजोबांबरोबर जायचं ठरलंय. पाणी पुरेसं उतरलं तर देऊळ उघडं पडतं म्हणतात. आजोबांच्या आठवणीप्रमाणे पायऱ्या अकरा आहेत, आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या मते नऊ. मी मोजून सांगेन.

(तृतीय वर्ष, स्थापत्य)